रावसाहेबांच्या घरातल्या गोगलगायी

वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, ही बातमी तळमजल्यावरच्या मावशीने फोडली तेव्हा गल्लीत कुणाचाच विश्वास बसला नाही. कारण त्या खिडकीतून बोलण्याचा आवाज तर रोज यायचा.

"बोलतात की चांगले," लोक म्हणाले.

मावशीने सावकाश मान हलवली. अशी मान ती फक्त पक्क्या बातमीला हलवायची. "बोलतात. पण एकमेकांशी नाही. माशाशी बोलतात."

आता मावशीची बातमी म्हणजे शेरात पावशेर पाणी, हे सगळ्यांना माहीत. पण ही बातमी निर्भेळ निघाली.

नवरा म्हणजे आपले लाँड्रीवाले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. बाहेर इस्त्रीचं टेबल, आत दोरीवर टांगलेले कोट, आणि मागच्या फळीवर बाटल्याच बाटल्या. जगात असा डाग नाही ज्याची बाटली नाही, ही त्यांची श्रद्धा. कपडा हातात आला की नाकाशी धरायचा, अंगठ्याने डाग जरा चोळायचा आणि मनाशी म्हणायचं, ही शाई, हा गंज, हे रक्त. गिऱ्हाइकाला मात्र विचारायचं नाही. तो त्यांच्या धंद्याचा नियमच होता. "डाग कसा पडला हे विचारलं की माणूस खोटं बोलतो," ते म्हणायचे, "आणि एकदा खोटं बोलला की लाजेने पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही." कितीतरी सभ्य गृहस्थांच्या कॉलरवरचे लाल ओठ त्यांनी न विचारता, न हसता घालवले. म्हणजे हसायचे, पण गिऱ्हाईक गेल्यावर.

बायको शाळेच्या लायब्ररीत. तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, शांतता राखा. मावशी म्हणायची, "बाईला गप्प बसायचाच पगार मिळतो, घरी ओव्हरटाइम करते."

अबोला पडला तो एका कोटावरून. बाईंचे वडील गेले, त्यांचा जुना लोकरी कोट बाईंनी आणून कपाटात ठेवला. कधीतरी कपाट उघडायच्या, कोटात तोंड घालून उभ्या राहायच्या आणि कपाट लावून टाकायच्या. लाँड्रीवाल्यांनी हे पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिला तो फक्त कोट. कॉलर तेलकट, बाहीला तंबाखूचा वास, खिशाच्या कडेला काळपट पट्टा. बायकोला बरं वाटेल म्हणून एके दिवशी गुपचूप दुकानात नेला, जीव ओतून साफ केला, नव्यासारखा करून हँगरला लावून घरी आणला आणि शाबासकीसाठी दारातच उभे राहिले.

बाईंनी कोटाला नाक लावलं. मग पुन्हा लावलं. नंतर खालीच बसल्या.

"मला विचारायचं तरी होतंत!"

"अगं, त्यात विचारायचं काय? घाण वास मारत होता."

"तो माझ्या वडिलांचा वास होता."

इथे शहाण्या माणसाने जीभ आवरावी. लाँड्रीवाले म्हणाले, "मग त्यांना वेळच्या वेळी कपडे धुवायला सांगायचं होतं."

झालं. त्या वाक्यानंतर त्या घरात 'तू' आणि 'तुम्ही' हे दोन शब्द बंद पडले, आणि त्यांच्या जागी 'कुणीतरी' आला. "कुणीतरी दार लावून घ्या." "कुणाचा तरी डबा ओट्यावर आहे." लेक घरात होती तोवर टपाल तिच्यामार्फत चालायचं. जेवताना बाप डावीकडून सांगायचा, आई उजवीकडून, आणि ती बिचारी मधे बसून निरोप इकडचे तिकडे करता करता थंड जेवायची. तिला दूरच्या गावात नोकरी लागली तेव्हा ती आनंदाने गेली की सुटकेने, हे विचारू नये.

जाताना मात्र तिने एक काम केलं. काचेची टाकी आणली, तळाला वाळू पसरली, हवेचे बुडबुडे सोडणारी नळी लावली आणि आत एक मासा सोडला. गोल पोटाचा, केशरी, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, आणि तोंड असं उघडझाप करणारा की आता कुठल्या तरी कागदावर सही करायला नकार देणार. लेकीने नाव ठेवलं रावसाहेब. दाराशी बॅग उचलून ती म्हणाली, "आता मी नाही. यांच्यामार्फत बोला. आणि हे बघा, रोज सकाळी एकदाच खायला घालायचं, चिमूटभर. जास्त नाही हं." हे सांगताना ती आधी आईकडे बघत होती, मग बापाकडे. त्यामुळे दोघांनाही वाटलं, हे मलाच सांगितलं.

पोरीने थट्टा केली होती, पण ती लागू पडली. रावसाहेबांशी बोलण्यात दोघांनाही कमीपणा वाटत नव्हता. लेकीपुढे जे बोलायची लाज वाटायची, तेही माशापुढे निघायला लागलं.

"रावसाहेब, कुणाचा तरी खोकला वाढलाय. गरम पाणी ठेवलंय म्हणावं."

"रावसाहेब, कळवा, खोकला नाही, ठसका होता. पण ठेवलंच आहे तर घेतो."

कधी बाई शाळेतला एखादा किस्सा रावसाहेबांना सांगायच्या आणि पेपरामागून लाँड्रीवाले फिस्सकन हसायचे. मग बाई टाकीकडे तोंड करूनच हसायच्या. संध्याकाळी दुकान बंद करून घरी येताना लाँड्रीवाल्यांची पावलं आता जरा भरभर पडायची. हा मासा आहे तोवर घरात माणसाचा आवाज आहे, आणि मासा गेला की भिंती आणि आपण, हे दोघांनाही कळत होतं. म्हणूनच दोघंही त्याला फुलासारखं जपत होते.

जपत होते, आणि तिथेच गाडं अडकलं. त्या घरात सगळं दोन-दोन असायचं. दोन साबण, दोन साखरेचे डबे, दोन छत्र्या. तसे रावसाहेबांच्या खाण्याचेही दोन डबे. लाँड्रीवाल्यांचा शर्टांच्या कप्प्यात. सकाळी बाई आंघोळीला गेल्या की ते चिमूटभर घालायचे आणि दुकानात जायचे. बाईंचा डबा पुस्तकांच्या मागे. नवरा जिना उतरला की त्या चिमूटभर घालायच्या आणि शाळेत जायच्या. दोन्ही चिमटी मापातल्या, दोन्ही मायेच्या, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही.

पुढे बाईंना वाटलं, रावसाहेब एकटे पडलेत. त्यांनी एक हिरवं पाणझाड आणून टाकीत लावलं. त्या झाडाच्या पानाखाली चिकट ठिपका होता, तो कुणी बघितला नाही. काही दिवसांनी काचेवर मोहरीएवढी एक गोगलगाय चालताना दिसली.

बाई हरखल्या. "रावसाहेब, पाहुणी आली बघा. काच पुसतेय. या घरात हात असलेली माणसं काच पुसत नाहीत, हिला हात नाहीत तरी पुसतेय."

"रावसाहेब, पाहुणे एकटे येत नसतात म्हणावं. मागून गाव येतं."

आणि आलंच. दोनाच्या दहा झाल्या, दहाच्या मोजायच्या पलीकडे गेल्या. काचेवर गोगलगायी, नळीवर गोगलगायी, वाळूत, पानावर, आणि एक तर रावसाहेबांच्या पाठीवर बसून हिंडायची. ज्या माणसाने जन्मभर पांढऱ्या शर्टावरचा काळा ठिपका हा वैरी मानला, त्याला ती काच बघवेना. घरात शिरलं की नजर आधी तिथेच.

"रावसाहेब, कुणीतरी आणलेली ही घाण तुमचा जीव घेणार एक दिवस."

"रावसाहेब, घाण नाही ती. घाण खाते. दोन्हीतला फरक कुणाला आयुष्यात कळला नाही."

हे वाक्य कोटाला लागून होतं हे लाँड्रीवाल्यांना समजलं, आणि त्या दिवसापासून गोगलगायींचा प्रश्न नुसता गोगलगायींचा राहिला नाही. आता तो कोण बरोबर आणि कोण चूक, याचा झाला. त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं मत घेतलं. शिक्षक म्हणाले उपयोगी, ड्रायव्हर म्हणाला त्रासदायक, आणि मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "भाऊ, गोगलगाय नि पोटात पाय! दिसायला गरीब, पण पोटातलं कुणी बघितलंय?" असं म्हणून तिने वरच्या खिडकीकडे असं पाहिलं, की बोलणं गोगलगायीवर चाललंय की बाईंवर, की खुद्द भाऊंवर, याचा त्यांना पत्ता लागेना.

शेवटी ते शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार जाडजूड, गप्पिष्ट, एका हाताने जाळीने मासे काढतोय, दुसऱ्या हाताने वडा नाही तर बिस्किट, काहीतरी तोंडात टाकतोय.

"गोगलगायी फार झाल्यात," लाँड्रीवाले म्हणाले. "मारायचं औषध द्या."

"देतो की. पण काका, गोगलगाय वाईट नसते. उरलंसुरलं खाते, कुजलेलं पान खाते, शेवाळ खाते. थोड्या असल्या तर कामाच्या."

"आणि जास्त झाल्या तर?"

"तर खायला जास्त पडतंय. त्यांना कुणी खायला घातलं तरच वाढतात, फुकट नाही वाढत. तुम्ही किती घालता?"

"चिमूटभर. सकाळी एकदा."

"मग एवढ्या व्हायला नकोत." दुकानदार चावायचा थांबला. "घरात दुसरं कोण घालतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

बोलायला बोलून गेले, पण शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची फळी आली. परवाच तिथे पेपर ठेवताना जाड पुस्तकामागे पिवळं झाकण दिसलं होतं. कसलं झाकण, असं तेव्हा मनात आलं होतं, पण विचारलं नव्हतं. विचारायची सवयच कुठे होती?

म्हणजे तीही घालते. रोज. आपल्यासारखीच.

दुकानदार बाटली कागदात गुंडाळत सांगत होता, "अर्धं टोपण. त्याच्या वर जायचं नाही हां. आणि मेलेल्या गोगलगायी लगेच काढायच्या. राहिल्या तर सडतात, पाणी नासतं, आणि मग मासा हातचा जातो. खरं तर आधी एक वेळचं खाणं थांबवून बघा. औषध नाही लागायचं."

घरी जाताना लाँड्रीवाल्यांनी वाक्याची तालीम केली. "तू पण घालतेस का गं खायला?" एवढंच तर होतं. वाणसामानाच्या दुकानापाशी एकदा पुटपुटून बघितलं, जिन्यात एकदा. वर पोचले तर बाई टेबलाशी बसून शाळेच्या फाटक्या पुस्तकांना डिंकाने पट्ट्या चिकटवत होत्या. दिव्याखाली त्यांची मान वाकलेली. लाँड्रीवाल्यांनी तोंड उघडलं.

आणि मग त्यांना पुढचं सगळं दिसलं. ती म्हणणार, हो, घालते, का? मग सांगावं लागणार की दुकानदार असं म्हणाला. म्हणजे गोगलगायी निर्दोष. म्हणजे तिचं बरोबर. म्हणजे महिनाभर घाण घाण म्हणून ओरडलो तो मूर्ख मी, आणि मग मागच्या सगळ्या गोष्टींतही मूर्ख मीच. एवढ्याशा प्रश्नाला एवढी मोठी किंमत? त्यापेक्षा खिशात बाटली होती.

"रावसाहेब," ते म्हणाले, "आज उकडतंय नाही?"

"पंखा लावायला कुणाला बंदी नाही म्हणावं," बाई पुस्तकातून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई लवकर शाळेत गेल्या. लाँड्रीवाल्यांनी बाटली काढली. अर्धं टोपण घातलं आणि काचेला नाक लावून बसले. गोगलगायी जागच्या जागी. चिवट डागाला काय करतात, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. आणखी एक टोपण. तरीही त्या हलेनात, तेव्हा रागाने आणखी एक ओतलं, बाटली खिशात घातली आणि इस्त्री तापवायला दुकानात निघून गेले. मेलेल्या काढायच्या होत्या, पण आधी मरायला तर हव्यात. संध्याकाळी बघू म्हणाले.

संध्याकाळी दार उघडंच होतं. खोलीत नासक्या पाण्याचा वास. बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, फरशीवर बादली, मग्गा, ओली फडकी. टाकीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं, तळाला गोगलगायींचा खच. आणि वर, कुशीवर, रावसाहेब. तोंड उघडं होतं, पण उघडझाप थांबली होती.

बाई वळल्या. कितीतरी काळाने त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही काही घातलंत का पाण्यात?"

अहो! या एका शब्दासाठी हा माणूस कितीतरी संध्याकाळी टाकीपुढे बसला होता. तो आला तेव्हा खिशात बाटली होती आणि समोर मेलेला मासा. लाँड्रीवाल्यांच्या तोंडून जे गिऱ्हाइकांच्या तोंडून निघतं तेच निघालं.

"नाही. मी काय घालणार? त्या गोगलगायीच. सांगत होतो मी."

बाई टाकीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोडला. "मीच आणलं होतं ते झाड," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगत होतात, आणि मी हट्टाला पेटले. मी मारलं हो त्याला."

या क्षणी तरी सांगावं की नाही? पण बायको रडत रडत खांद्यावर डोकं टेकायला आली, आणि ते डोकं त्या खांद्यावर इतक्या दिवसांनी येत होतं, की लाँड्रीवाल्यांनी तो खांदा हलवला नाही. "जाऊ दे," ते म्हणाले. "होतं असं." माफ केल्यासारखं म्हणाले. ही त्यांची सगळ्यात वाईट गोष्ट.

मग त्या घरात सुख आलं. मावशीने ताबडतोब गल्लीला कळवलं, "बोलायला लागलेत! मासा मेला नि माणसं जिवंत झाली." खोटं नव्हतं ते. बाई "अहो, जेवायला चला" म्हणायच्या, "दमलात का" विचारायच्या. साखरेचा एक डबा दुसऱ्यात ओतला गेला. लेकीचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे गेला गं तो. बाबा बजावत होते, मी ऐकलं नाही." लाँड्रीवाले शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचला जात नव्हता एवढं खरं. जितकी बायको गोड बोलायची तितकं यांच्या ताटात जास्त उरायचं. भांडणात निदान अन्न तरी गोड लागत होतं.

आणि एका रविवारी बाई चपला घालून म्हणाल्या, "तुम्हाला करमत नाही, दिसतं मला. नवा मासा आणते."

"नको," लाँड्रीवाले ताडकन उठले. "कशाला? मी आणीन पुढेमागे."

"तुम्ही बसा. माझी चूक आहे, मीच निस्तरते."

त्या गेल्या. लाँड्रीवाले खिडकीत उभे राहिले, मग खुर्चीत बसले, मग पुन्हा खिडकीत. गप्पिष्ट दुकानदार आज तरी आजारी पडो, दुकान बंद असो, त्याचं तोंड बिस्किटाने भरलेलं असो.

बाई परत आल्या तेव्हा हात मोकळे होते. त्यांनी चपला काढून जागेवर ठेवल्या, माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्याल्या.

"दुकानदार ओळखतो तुम्हाला," त्या म्हणाल्या. "विचारत होता, काकांनी औषध किती टोपणं घातलं."

लाँड्रीवाल्यांनी शेजारचा पेपर ओढून घेतला.

"गोगलगाय मासा मारत नाही म्हणाला. मग म्हणाला, घरात किती जण खायला घालतात? मी म्हटलं, मी एकटीच. तो हसला. म्हणाला, काकाही अगदी हेच म्हणाले होते." त्यांनी पेला खाली ठेवला. "मला आज कळलं की तुम्हीही घालत होतात. तुम्हाला कधी कळलं?"

"...तिथेच. दुकानात."

"बाटली घ्यायच्या आधी?"

लाँड्रीवाल्यांनी होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "तूसुद्धा विचारू शकली असतीस," ते कसेबसे म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा. पण मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, खाली मावशी कान लावून बसलीच होती. तेवढ्यात फोन वाजला. लेक. रविवारचा फोन.

"नाही गं, नवा नाही आणला," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "हो, गेले होते. बरी आहे मी. थांब, बाबांना तुला काहीतरी सांगायचंय." आणि त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला. तशाच धरून उभ्या राहिल्या.

लाँड्रीवाल्यांनी फोन कानाला लावला. बायको समोर, हात बांधून. ती वाट बघत होती. एक वाक्य पुरलं असतं.

"बाबा," लेक पलीकडून हळूच म्हणाली, "काय सांगायचंय ते ओळखलं मी. पण आईला आता नका हो बोलू. तिने फार मनाला लावून घेतलंय. माफ करून टाका ना तिला. कराल ना?"

फोनचा आवाज मोठा होता. बाईंना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

लाँड्रीवाल्यांनी घसा साफ केला.

"करतो," ते म्हणाले.

बाईंनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून दार लोटून घेतलं.